उन्हाळ्यात दोनच गावं बघूया

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि. (बाबा, अजून असंच लिहितात ना?)

उन्हाळ्यात तुम्ही कॅनडात आमच्याकडे आलात की कुठे फिरायचं ते काल फोनवर सांगत होतो, तर बाबा म्हणाले असं तोंडी नको, सगळं नीट लिहून पाठव, आणि आईनं फोन घेऊन एकच विचारलं, तिथे जेवायचं काय. म्हणून आज ऋजुला झोपवून टाइप करायला बसलोय. पत्र मोठं होणार आहे, मोबाईलवर डोळे दुखवत बसू नका, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घ्या आणि अक्षर मोठं ठेवायला सांगा.

आधी बाबांची यादी. नायगरा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, शिकागो, रॉकी पर्वत आणि "वेळ उरला तर" अलास्का. बाबा, वेळ उरणार नाही. अमेरिकेचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, नकाशावर टिचभर दिसतं ते इथे चार तास विमानात बसण्याएवढं लांब असतं, आणि शेजारचे काका टूरबरोबर जशी अर्धी दुनिया बघून आले तसंच बघायचं असेल तर त्यांचा अल्बम परत मागून आणा, स्वस्तात होईल. आईला आठवत असेल, त्यांना एकाही गावाचं नाव धड सांगता येत नव्हतं, पण कुठल्या हॉटेलात नाश्त्याला इडली होती ते पाठ होतं. नायगरा आमच्या घरापासून दीड तासावर आहे, तो कुठल्याही रविवारी होईल. मला रजा मोजकीच मिळते, ती दोनच गावांवर खर्च करायची माझी इच्छा आहे, मॉन्ट्रियल आणि क्वेबेक सिटी, आणि तेही सावकाश. सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी परत बाहेर, जुलैत तिकडे साडेआठपर्यंत उजेड असतो त्यामुळे संध्याकाळ भरपूर मिळते.

आता बाबा मनात म्हणणार, एवढ्या लांब येऊन दोनच गावं? बाबा, ही गावं बघायला तुमच्यासारखाच माणूस पाहिजे. इथे टोरंटोत शंभर वर्षांची इमारत दिसली की लोक पाटी वाचत उभे राहतात, आणि तिकडे क्वेबेक शहर सॅम्युएल द शाम्प्लँ नावाच्या फ्रेंच माणसानं वसवलं ते 1608 साली, म्हणजे आई, तुकोबांचा जन्म बरेच जण ज्या साली मानतात तेच साल. मॉन्ट्रियल 1642 चं, तेव्हा शिवाजी महाराज बारा वर्षांचे होते. पुढे इंग्रजांनी सगळं जिंकलं, पण लोकांनी फ्रेंच काही सोडली नाही, आजही पाट्या, शाळा, ऑफिसं, दुकानदाराचं "बोंजूर", सगळं फ्रेंच. घाबरू नका, टुरिस्ट भागात इंग्रजी सगळ्यांना येतं, फक्त दुकानात शिरताना आपण आधी बोंजूर म्हणायचं, मग चेहरे एकदम खुलतात. आई हे सगळ्यात आधी शिकेल, बाबा "हॅलो" म्हणूनच राहतील.

जायचं ट्रेननं. टोरंटोहून मॉन्ट्रियल पाच-साडेपाच तास, तिथून पुढे क्वेबेक सव्वातीन तासांच्या आसपास. मी गाडी चालवली तर बाबा पुढच्या सीटवर बसून प्रत्येक ट्रकला ओव्हरटेक कसं करायचं ते शिकवणार, त्यापेक्षा ट्रेन बरी. ती आपल्यासारखी भरलेली नसते, खिडक्या मोठ्या, बाथरूम स्वच्छ, पण मालगाडी आडवी आली की थांबते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास उशीर धरूनच चालायचं. आई, गाडीत खायला तुझी सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दुसरं काही नको, येताना बॅगेत टाकच.

मॉन्ट्रियलमध्ये बाबांसाठी पहिली गोष्ट म्हणजे मेट्रो. बाबा, तिथल्या मेट्रोला रबरी टायर आहेत, खरंच, 1966 साली सुरू झाली तेव्हापासून, पॅरिसची पद्धत उचललेली. आवाज कमी, चढावर पकड चांगली, आणि अख्खी लाईन जमिनीखालून असल्यानं बर्फाचा प्रश्नच येत नाही. तुम्ही उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायर बघितलेत, तेव्हा प्लॅटफॉर्मवर वाकून चाकं बघत बसणार हे मला माहीत आहे, बघा, दोन-चार गाड्या सोडू, घाई नाही.

आईसाठी तिथे नोत्र-दामचं चर्च आहे, आत शिरल्यावर वर बघायचं, निळं छत आणि त्यावर सोनेरी चांदण्या. तिकीट आहे पण द्यावं. त्याहून मला आवडलं ते डोंगराच्या कुशीतलं सेंट जोसेफचं देऊळ (देऊळच म्हणतो, वातावरण तसंच आहे). ब्रदर आंद्रे म्हणून एक साधा माणूस, समोरच्या शाळेत दार उघडायचं-लावायचं काम करायचा, लोक त्याच्याकडे दुखणी घेऊन यायचे, त्यानं 1904 साली एवढीशी खोपटी उभारली आणि आता तिथे हा भलामोठा घुमट आहे, आणि 2010 मध्ये पोपनी त्याला संत केलं. बरे झालेल्या लोकांनी ठेवून गेलेल्या कुबड्या भिंतीवर ओळीनं टांगल्यात. पायऱ्या 283 आहेत, त्यातल्या मधल्या 99 लाकडी, त्या भाविक गुडघ्यांवर चढतात, एकेका पायरीवर थांबून प्रार्थना म्हणत. आई, तू नाही चढायचंस. आधीच सांगतोय, कारण जेजुरीला तू काय केलंस ते मला माहीत आहे. वर जायला गाडी आहे आणि आत सरकते जिने.

जेवणाचं. घर भाड्यानं घेतोय, हॉटेल नाही, म्हणजे गॅस आहे, कुकर मी घेऊन येतो. जाँ-तालों म्हणून मोठी मंडई आहे, 1933 पासूनची, जुलैत स्ट्रॉबेरीचे ढीग लागलेले असतात, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि ही यावर तुमचं दोघांचं भांडण होणार. आणि पार्क एक्स्टेन्शन म्हणून वस्ती आहे, तिथे डोसे, थाळ्या, मिठाई सगळं मिळतं, स्वस्तात. पुतीन नावाचा एक पदार्थ सगळे खायला सांगतात, फ्रेंच फ्राईज, त्यावर चीजचे ताजे गोळे आणि वरून गरम रस्सा. तो रस्सा बहुतेक ठिकाणी मांसाचा असतो, त्यामुळे आईसाठी विचारूनच घ्यायचा, बाबांनी विचारायचं नाही, खायचं. बेगल मात्र दोघांनी खा, मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात, पहाटे गेलो तर हाताला चटका बसेल इतके गरम मिळतात.

आता क्वेबेक. मॉन्ट्रियलला थोडे दिवस, इथे जास्त, कारण खरं सांगायचं तर मॉन्ट्रियल आवडतं आणि क्वेबेकला जीव लागतो. बाबा, गावाला तट आहे. मेक्सिकोच्या उत्तरेला अख्ख्या खंडात तटबंदी शाबूत असलेलं हे एकच गाव, साडेचार किलोमीटरचा तट, वरून चालता येतं, युनेस्कोच्या यादीत 1985 पासून. आणि हा तट वाचवला कोणी माहितीये? इंग्रजी फौज 1871 मध्ये गेल्यावर गावकऱ्यांना तो अडगळ वाटायला लागला, वेशी पाडायलाही घेतल्या होत्या, तेव्हा इथला गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरीन आडवा पडला. पाडू नका, वेशी रुंद करून नव्या बांधा, असं म्हणाला. तोच पुढे 1884 मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. आई, तुझ्या माहेरचा डफरीन चौक! बायकांच्या दवाखान्यांसाठी फंड काढला तो त्याच्या बायकोनं. क्वेबेकमध्ये नदीच्या वर कड्यावर लांबलचक लाकडी फळ्यांचा सज्जा आहे, त्याला त्याचंच नाव, मागे शातो फ्रोंतनाक हॉटेल, 1893 चं, राजवाड्यासारखं दिसतं पण रेल्वे कंपनीनं बांधलेलं. आपण तिथे राहणार नाही, परवडत नाही, पण समोरच्या बाकावर बसायला पैसे पडत नाहीत.

आणि बाबा, लढाई. 1759 चा सप्टेंबर, इंग्रजांचा सेनापती वुल्फ, फ्रेंचांचा माँकाम. गाव कड्यावर, खाली सेंट लॉरेन्स नदी, इंग्रज महिनोन्महिने खाली अडकलेले. शेवटी 12 तारखेच्या रात्री अंधारात होड्या काठाला लावल्या आणि माणसं कडा चढून वर आली, सकाळी पठारावर फौज उभी. तुम्ही सिंहगडाची गोष्ट सांगता तेव्हा मला लहानपणी जसा काटा यायचा तसाच तिथे उभं राहिल्यावर आला. माँकाम तटाच्या आत थांबून मदतीची वाट बघू शकला असता पण बाहेर आला, आणि तासाभराच्या आत निकाल लागला. वुल्फ मैदानावरच गेला, माँकाम दुसऱ्या दिवशी पहाटे. नवल म्हणजे पुढे दोघांचं मिळून एकच स्मारक बांधलं, एकच खांब, हॉटेलशेजारच्या बागेत, जिंकणारा आणि हरणारा दोघंही त्यावर. मैदानाची आता बाग आहे, लोक चादर टाकून जेवतात, आपणही टाकू. शेजारचा किल्ला इंग्रजांनी पुढे 1820 नंतर अमेरिकनांच्या धास्तीनं बांधला, अजून तिथे लष्कर आहे, उन्हाळ्यात सकाळी पहारा बदलतात, लाल डगले, बँड, आणि रेजिमेंटचा बोकड, शिंगं सोनेरी रंगवलेली, परेडमध्ये शिस्तीत चालतो. ऋजु बोकडासाठीच येतेय.

आईला मी उर्सुलिन जोगिणींच्या मठात नेणार. 1639 साली फ्रान्सहून जहाजानं येऊन त्या बायकांनी मुलींची शाळा काढली, इकडच्या मूळ रहिवाशांच्या मुलीसुद्धा त्यात होत्या. तू कन्याशाळेत एवढी वर्षं काढलीस, तुला तिथली भरतकामं बघायला बाबांच्या किल्ल्याएवढा वेळ द्यायचा हे ठरलेलं आहे, बाबांनी घड्याळ बघायचं नाही.

गाव चढउताराचं आहे, हे लपवत नाही. वरचं गाव आणि खालचं गाव, मध्ये कडा. खाली उतरायला जिना आहे, त्याचं नावच मान मोडणारा जिना असं आहे, पण शेजारी 1879 पासून दोरावर ओढली जाणारी डबा-गाडी आहे, आपण तिनंच जायचं. खालच्या गल्ल्या दगडी, पावसात निसरड्या. एक दिवस फेरीबोटीनं पलीकडे लेव्हीला जाऊन लगेच परत यायचं, दहा-बारा मिनिटांची सफर, पण गाव खरं दिसतं ते पाण्यातून. आणि एक दिवस मॉन्टमोरेन्सीचा धबधबा, 83 मीटर, नायगऱ्यापेक्षा उंच, वर जायला पाळणा आहे. बाबा, यादीतला धबधबा झाला बघा.

तारखा: 24 जून तिकडचा मोठा सण, गर्दी. 1 जुलैला मॉन्ट्रियलमध्ये अर्धं गाव भाड्याची घरं बदलतं, रस्त्यात सोफे आणि फ्रीज उभे असतात, तो दिवस नको. म्हणून 5 जुलैच्या पुढचं धरतोय. ऊन आपल्यासारखं नसलं तरी दमट होतं, सुती कपडेच आणा, संध्याकाळी नदीवर वारा असतो म्हणून एक स्वेटर.

तुमच्याकडची कामं. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला एकदा जावं लागेल, तारीख मिळाली की कळवतो, दादाला बरोबर न्या. इन्शुरन्स मी इथून काढतो, त्यासाठी बाबांच्या बीपीच्या आणि आईच्या थायरॉईडच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून घ्या, खरीखरी, "काही नाही हो मला" असं नाही. आई, बाबा अजिंक्यताऱ्यावर जातात तेव्हा तू चार भिंती स्मारकापर्यंत तरी जा, पण नवीन बूट घालून, चपलेनं नाही, बूट तिथेच घ्या आणि आत्तापासून वापरा.

ट्रेनची तिकिटं जसा उशीर होईल तशी महाग होतात, म्हणून रविवारी फोन करेन तेव्हा हो किंवा नाही सांगा. "बघू" चालणार नाही.

तुमचा,
निखिल

ता. क. आईच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते बघून फोटो पाठवा. पहिलं आणि शेवटचं दोन्ही पानं.