प्रोजेक्टर लावून देणाऱ्या काकांचे मनापासून आभार

आदरणीय काका,

आमच्या छायाचित्रकारांच्या गटाने काढलेले फोटो पडद्यावर इतके जिवंत दिसले, त्याचं श्रेय तुमचं आहे, म्हणून हे जाहीर पत्र.

वायर जोडून, बटण दाबून निघून जाणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही मशीन पेटीतून काढायच्या आधी खोलीतले दिवे पाहिलेत. पडद्यावर उजेड टाकणारे दिवे बंद केलेत, दाराच्या काचेवर कागद लावलात. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. पडदा अंधारात जेवढा काळा, तेवढाच फोटोतला काळा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आम्हाला त्या कागदाचं मोल कळलं. कावळ्याच्या फोटोत पंखांवरची निळसर झाक आणि एकेक पीस वेगळं दिसलं. दिवे चालू असते तर तिथे नुसता करडा डाग दिसला असता.

चौकट तिरकी येत होती तेव्हा किस्टोनचं बटण न दाबता तुम्ही टेबलच हलवलंत आणि लेन्स पडद्याच्या बरोबर समोर आणलीत. किस्टोनने कडा सरळ होतात, पण पिक्सेल ताणले-दाबले जाऊन बारकावे पुसट होतात. प्रोजेक्टरचा ‘डायनॅमिक’ मोडही बंद केलात. त्यात उजेड भरपूर मिळतो, पण चेहरे हिरवट पडतात.

फाइलींवरची तुमची मेहनत तर कुणाच्या लक्षातही आली नसेल. प्रोजेक्टर 1920 बाय 1080 पिक्सेलचा, म्हणून 3:2 मापाचे आडवे फोटो 1620 बाय 1080 केलेत, उभे 720 बाय 1080, आणि लहान केल्यावर हलकं शार्पनिंग देऊन कडा ठसठशीत केल्यात. अडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीतले फोटो एसआरजीबी या नेहमीच्या पडद्यांच्या रंगपद्धतीत बदलून घेतलेत. स्लाइड शो दाखवणारे बरेच प्रोग्रॅम रंगांचं प्रोफाइल, म्हणजे फाइलीतली रंगपद्धतीची नोंद, वाचतच नाहीत आणि अडोबी आरजीबीतले फोटो फिके पडतात. उभ्या फोटोंच्या बाजूंना काळी जागा ठेवलीत, हे मला सगळ्यात आवडलं. तिथे पांढरं असतं तर डोळे दिपून फोटोतल्या सावल्या हरवल्या असत्या.

ज्यांनी पहाटे उठून, तासन्‌तास थांबून हे फोटो काढले, त्यांना आपलं काम मनासारखं दिसलं. त्यांच्या वतीनेही आभार.

एकच विनंती. सगळा वेळ तुम्ही मशीनपाशी उभे होतात. पुढच्या वेळी जुळवणी झाली की रिमोट आमच्याकडे द्या आणि मधल्या रांगेत बसून फोटो बघा. तुमची खुर्ची आम्ही राखून ठेवू.

आपली,
गटातली एक छायाचित्रकार