क्लबावरची बंदी की गवंड्याचे हात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावरचा, वल्हवण्यात नाव काढलेल्या अमेरिकेच्या जॉन केलींवरचा लेख वाचला. फोटो झकास. पण १९२० साली इंग्लंडातल्या हेन्लेच्या वल्हवण्याच्या शर्यतीनं त्यांचा अर्ज 'क्लबावरील बंदीमुळे' फेटाळला, एवढं सांगून लेखकमहाशय मोकळे झाले. त्यांच्या क्लबावर बंदी होती, कबूल. मग दुसरं कारण कुठं बुडवलंत? केली फिलाडेल्फियात विटा रचायचे, आणि मजुरी घेऊन हातानं काम केलेला माणूस तिथल्या नियमात 'हौशी' धरतच नव्हते, आणि प्रवेश फक्त हौशींनाच. वल्ही मारायचे पैसे घेतले म्हणून नव्हे हो, विटा रचल्या म्हणून! मुलीचं मोनॅकोच्या राजपुत्राशी लग्न झालं त्याला मात्र अर्धा रकाना.

मला हे झोंबलं, कारण मी गवंड्याचा पोरगा. १९७३ साली बाहेरगावच्या एका क्लबानं नौकानयनाच्या शिबिरासाठी पोरं मागवली होती. पंचगंगेत पोहून दंड तयार झालेले, म्हणून मीही गेलो. आबा कामावरून तसेच आले होते, कोपरापर्यंत चुना. अर्जात 'व्यवसाय' या रकान्यात मी लिहिलं, 'वडिलांच्या हाताखाली गवंडीकाम'. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी माझ्याकडं नाही, आबांच्या हातांकडं पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "हे कशाला? नुसतं विद्यार्थी लिही की." मी खोडलं. आबा काही बोलले नाहीत, हात मागं घेतले. शिबिरात निवड झाली, मी गेलो नाही. घरी सांगितलं, पोटात दुखतंय.

केलींनी १९२०च्या त्याच उन्हाळ्यात अँटवर्प ऑलिंपिकात त्या वर्षीचा हेन्लेचा विजेता बेरेसफर्ड याला एका सेकंदानं मागं टाकलं. मग अर्ध्या तासात नात्यातल्या कॉस्टेलोबरोबर दुहेरीचंही सुवर्ण मारलं. हेन्लेवाल्यांना तो नियम काढायला १९३७ उजाडलं. आपला वल्हवणारा दत्तू भोकनळ विहिरींच्या कामावर राबलेला. तो त्या काळात जन्मला असता तर त्यालाही दारातूनच परत पाठवलं असतं. रिओ ऑलिंपिकात तेरावा आला, २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण घेऊन आला. त्याच्यावर तुमच्याकडं शेवटचं कधी छापून आलं, तेवढं कळवावं.

आणि वल्हवणाऱ्याला 'नाविक' म्हणू नये. नाविक जहाजावर असतो.

जाता जाता : रंकाळ्यातल्या केंदाळाबद्दल मी गेल्या महिन्यात पाठवलेलं पत्र अजून छापलेलं नाही. की तिथंही काही तांत्रिक कारण आहे?

आपला,
एक जुना वर्गणीदार,
शिवाजी पेठ, कोल्हापूर