गोलाईतली शाळा पुन्हा भरवू या

गंजगोलाई परिसरातले व्यापारी, हमाल-मापाडी, माजी विद्यार्थी आणि समस्त पालकांना सप्रेम नमस्कार.

लातूरच्या गोल बाजारपेठेला, म्हणजे आपल्या गोलाईला, १६ रस्ते येऊन मिळतात. त्यातल्याच एका रस्त्याच्या बोळात आपली प्राथमिक शाळा आहे. तुमच्यातल्या कित्येकांनी तिथंच पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं. पुढं घरं औसा रोडला, बार्शी रोडला गेली. जुन्या वाड्यांच्या जागी दुकानं, गोदामं आली आणि शाळेचा पट घसरत गेला.

पण मुलं इथं अजून आहेत. हमालांची आहेत, भाजीच्या गाड्यावर उभ्या राहणाऱ्या बायांची आहेत. आई गिऱ्हाईक करते आणि पोर गाड्याखाली पोत्यावर बसून असतं. दहावी-बारावीसाठी लांबलांबची मुलं लातूरला येऊन राहतात, आणि त्याच लातूरच्या मधोमध सहा वर्षांचं लेकरू शाळेबाहेर राहतं, हे आम्हाला बघवत नाही.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे पट कमी झाला की एकेका गुरुजींकडं दोन-तीन वर्ग, आणि ते बघून आणखी पालक मुलं काढून नेतात. हे चक्र कुठंतरी तोडायला हवं. गेल्या उन्हाळ्यापासून माजी विद्यार्थी दर रविवारी श्रमदानाला येतात. दोन वर्ग रंगवून झाले, भिंतीवर बाराखडी आली. माता-पालक गल्लीगल्लीत फिरून शाळेत न जाणाऱ्या मुलांची नावं लिहून घेत आहेत.

आता मुलींच्या शौचालयाचं काम सगळ्यात आधी करायचं आहे. दार मोडलंय, आत पाणी नाही. शौचालयाला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलं आपलं शहर. साठवणीच्या टाकीचं मोल इथं कुणाला सांगायला नको. त्यानंतर गळके पत्रे बदलायचे आहेत, पावसाळ्याच्या आत.

पुस्तकं, गणवेश, पोषण आहार शासनाकडून मिळतो. त्यासाठी पैसे नकोत. पत्रे, सिमेंट, टाकी, नळाचं सामान द्या. गवंडी, सुतार, प्लंबर बांधवांनी एक दिवस द्यावा. पैसे द्यायचे असतील तर ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यातच भरावेत, रोख कुणाच्याही हाती देऊ नयेत. पावती मिळेल आणि प्रत्येक खर्च शाळेच्या फलकावर लागेल.

आडत दुकानदारांना एक वेगळी विनंती. तुमच्याकडं कामाला असलेल्या माणसाचं लेकरू घरी बसलं असेल, तर त्याला जूनमध्ये शाळेत पाठवा. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडत नाही, एवढं त्याच्या आईला नक्की सांगा.

आपले,
शाळा व्यवस्थापन समिती व माजी विद्यार्थी,
गंजगोलाई परिसर, लातूर