शाळेच्या मॅचमधल्या पोरांची नावं छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी भांडुपला राहतो आणि गेली १९ वर्षं मुंबईतल्या शाळांच्या मॅचेसची मराठीतून कॉमेंट्री करतो. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, जिथे बोलावतील तिथे जातो. आधी नुसता मैदानावरचा माईक होता, आता सात-आठ वर्षं झाली, स्टँडला मोबाईल लावून लाईव्ह पण करतो. तुमच्या पेपरात पूर्वी शालेय खेळांचा कॉलम यायचा, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, पण शाळेचं नाव, गुण आणि चांगलं खेळलेल्या दोन-चार पोरांची नावं असायची. तो आधी आखडत गेला आणि आता दिसतच नाही. त्याबद्दलच हे पत्र आहे, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा दिवस कसा जातो ते सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. पहाटेची लोकल, पाठीवर सॅक, सॅकमध्ये छोटा अँप्लिफायर (आम्ही अँप म्हणतो), दोन माईक, पॉवर बँक, वायरीचं बंडल, छत्री आणि एक जाड वही. सकाळी आझाद मैदानावर क्रिकेट, दुपारी कांदिवलीला कबड्डी असेल तर क्रॉस मैदानाकडून चालत चर्चगेट गाठायचं, स्लो गाडी पकडायची, अँप छातीशी धरून उभं राहायचं आणि गाडीतच केळी किंवा वडापाव खाऊन घ्यायचा. जिल्ह्याच्या मॅचेस पावसातच सुरू होतात, मैदानात चिखल झाला की खो-खो पुढे ढकलतात आणि ते आपल्याला तिथे पोचल्यावर कळतं. मग विभागीय स्पर्धा, त्या ठाणे, पालघर, रायगडात कुठेही लागतात, पनवेलहून अलिबागची एसटी धरून जायचं आणि रात्री शाळेच्या वर्गात बाक जोडून टीमच्या सरांबरोबर झोपायचं, असं कितीतरी वेळा झालंय. मानधन कधी ५०० तर कधी ७००, कधी शाल-श्रीफळ. मला त्याची तक्रार नाही, मला हे काम मनापासून आवडतं.

मैदानावर पोचलं की माईक लावायच्या आधी मी नावं लिहून घेतो. एन्ट्री फॉर्म बहुतेक इंग्रजीत भरलेले असतात, त्यावरून शेळके की शेलके, माने की माणे काही कळत नाही, एका टीममध्ये तीन तीन गावडे असतात. म्हणून मी वही घेऊन पोरांच्यात जाऊन बसतो आणि प्रत्येकाला विचारतो, बाळा तुझं नाव कसं म्हणायचं. हे मी आधीपासून करत नव्हतो, एका चुकीमुळे करायला लागलो, ती चूक सांगतो.

चौदा वर्षांखालच्या मुलींची खो-खोची मॅच होती, दादरला. पळणाऱ्या तिघींच्या पहिल्या तुकडीत एक बारीकशी मुलगी आत आली आणि बाद न होता जवळपास पावणेतीन मिनिटं टिकली. त्या वयात पावणेतीन मिनिटं म्हणजे खूप झाली हो, समोरच्या नऊ मुली एकामागून एक खो देत अंगावर येत असतात आणि ही साखळी धरून, म्हणजे बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी, पळतेय, एका बाजूनं सूर मारला की दुसऱ्या बाजूनं निसटतेय, खांबाजवळ दोनदा हुलकावणी दिली तेव्हा तर मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. आणि सगळा वेळ मी नाव घेत होतो दुसऱ्याच मुलीचं, कारण यादीत दोघींचे चेस्ट नंबर उलटे लिहिले गेले होते आणि मी विचारायची तसदी घेतली नव्हती. मॅच संपल्यावर तिच्या बाईंच्या फोनवरून तिचे वडील बोलले. ते एका बिल्डिंगमध्ये वॉचमन, नाईट करून आलेले, झोपायचं सोडून मोबाईलवर ऐकत बसले होते. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, साहेब माझ्या मुलीला आज खेळवलं नाही का? मला काय उत्तर द्यावं सुचेना. मी माफी मागितली, लाईव्ह संपायच्या आत परत माईक घेऊन तिचं नाव सांगितलं, पण तोवर ऐकणारे गेले होते. त्या रात्री घरी मला जेवण गेलं नाही.

कबड्डीचं वेगळं असतं. चढाई ३० सेकंदांची आणि पंचांना चढाई करणाऱ्याचा दम ऐकू यायला हवा, त्यामुळे स्पीकरवर त्या वेळात मोठ्यानं बोलायचंच नाही, मोबाईलवाल्यांसाठी माईक ओठांशी नेऊन हळू बोलायचं आणि शिट्टी वाजली की मग आवाज चढवायचा. कोपऱ्यातल्या पोरानं घोट्यात पकड केली की सगळे त्यालाच बघतात, पण मागून जोडीदाराचा हात धरून साखळीनं येऊन चढाईवाल्याला रेषेपासून रोखणारा दुसराच असतो. त्याचं नाव घेणं हे माझं काम आहे. तेवढ्यानं त्या पोराची मान कशी वर होते ते मी रोज बघतो.

आता पेपरचं. आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या आहेत, एका मॅचचा लाँगऑन दुसऱ्या मॅचच्या स्लिपशेजारी उभा असतो. त्याच मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या सेमीफायनलला शारदाश्रम शाळेच्या दोन पोरांनी ६६४ ची नाबाद भागीदारी केली, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६ आणि विनोद कांबळी नाबाद ३४९. आचरेकर सरांची पोरं. ती मॅच काही टीव्हीवर नव्हती. जगाला कळली ती स्कोअरबुकात लिहिलेली होती आणि पेपरवाल्यांनी छापली म्हणून. २०१६ च्या जानेवारीत कल्याणला प्रणव धनावडेनं भंडारी कपच्या शालेय मॅचमध्ये नाबाद १००९ केल्या तेव्हा पण सगळे धावले, चांगलंच झालं. पण हजार रन झाल्याशिवाय पोराचं नाव यायचंच नाही असं असू नये ना. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे. तेव्हा पहिल्या पानावर फोटो आले. पण अशी पोरं घडतात ती शाळेच्या मातीत, आणि तिथल्या मॅचची चार ओळींची बातमी पण आता येत नाही.

तुम्ही म्हणाल लाईव्ह आहे, मोबाईल आहे, पेपर कशाला. माझ्या लाईव्हला चाळीस-पन्नास माणसं असतात, त्यात गावाकडचा एखादा मामा, आजोबा, शाळेचे शिपाई काका. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ खाली गेला की परत कोणी उघडत नाही. पेपरचं कात्रण मात्र राहतं. नायगावच्या एका चाळीत मी गेलो होतो, माझ्या जुन्या ओळखीच्या खेळाडूकडे, आज तो चाळीशी पार झालाय, कुरियरचं काम करतो. देव्हाऱ्याच्या बाजूला भिंतीवर शाळेतल्या कबड्डीच्या मॅचचं कात्रण लॅमिनेट करून लावलेलं. पिवळं पडलंय, त्याच्या नावाखाली आईनं पेनानं रेघ मारलीय. आई आता नाही. तो ते कात्रण खोली रंगवताना पण भिंतीवरून काढू देत नाही.

म्हणून विनंती आहे की तो कॉलम परत सुरू करा. रोज नको, आठवड्यातून दोनदा चालेल, जागा वीतभर द्या. फोटो नसला तरी चालेल पण नावं द्या, आणि नुसती जिंकणाऱ्यांची नको, हरलेल्या टीममध्ये जो चांगला खेळला त्याचं पण. माणूस नाही म्हणत असाल तर मी आणि माझ्यासारखे आणखी तिघे-चौघे मैदानावर असतातच, आम्ही संध्याकाळी सातच्या आत निकाल पाठवू, स्कोअरशीटच्या फोटोसकट, नावं देवनागरीत आणि पोरांना विचारून घेतलेली. त्याचे पैसे नकोत.

गेल्या आठवड्यातल्या मॅचेसचे निकाल सोबत जोडलेत. खो-खोच्या निकालात तिसरं नाव त्याच मुलीचं आहे, ती आता सतरा वर्षांखाली खेळते. या वेळी ते मी माझ्या वहीत तिच्याकडूनच लिहून घेतलंय.

आपला,
एक शालेय कॉमेंटेटर
भांडुप, मुंबई