‘प्लास्टिक’ हे एका पदार्थाचे नाव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ गेल्या महिन्यात सुक्या कचऱ्याचा नवा डबा आला आणि त्यावर ‘येथे प्लास्टिक टाकावे’ अशी पाटी लागली. परवा त्यात डोकावले, तर दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि कुकरचे तुटलेले काळे हँडल एकत्र पडलेले होते. रसायनशास्त्र शिकवण्यात उभे आयुष्य गेलेल्या मला त्या पाटीवरचा ‘प्लास्टिक’ हा एकच शब्द फार अपुरा वाटला.

प्लास्टिक म्हणजे बहुवारिक, अर्थात लहान रेणू एकापुढे एक जोडून तयार झालेली लांबच लांब साखळी. साखळीतले मणी बदलले की पदार्थ बदलतो. इतकेच नव्हे, तर मणी तेच ठेवून नुसती गुंफण बदलली तरी गुण बदलतात. दुधाची मऊ पिशवी आणि रॉकेलचा टणक कॅन ही दोन्ही एथिलीन या एकाच लहान रेणूची अपत्ये. पिशवीतल्या साखळ्यांना फांद्या फुटलेल्या असतात, तर कॅनमधल्या साखळ्या सरळ असल्यामुळे एकमेकींना घट्ट बिलगून बसतात. पाण्याची बाटली मात्र पेटची, म्हणजे पॉलिएस्टर साडीचा धागा ज्याचा असतो त्याच पदार्थाची. कुकरचे हँडल तर या सर्वांहून वेगळे. १९०७ साली लिओ बेकलंड यांनी शोधलेल्या बेकेलाइटच्या जातीच्या या पदार्थात साखळ्या आडव्या बंधांनी कायमच्या जखडलेल्या असतात. पिशवी मेणासारखी पुन्हा वितळवता येते. हँडल मात्र भाजलेल्या मडक्यासारखे, त्याची पुन्हा माती होत नाही.

याची प्रचिती घरीच घेता येते. बाटली आणि तिचे झाकण यांचे लहान तुकडे कापून पाण्याच्या बादलीत टाकावेत आणि बोटाने दाबून त्यांना चिकटलेले बुडबुडे काढावेत. झाकणाचा तुकडा तरंगतो, बाटलीचा तळाशी जातो. झाकणे ज्यांची असतात ते पॉलिथिलीन (एथिलीनची साखळी) व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके, तर पेट आणि पीव्हीसी जड आहेत. पण ही युक्ती इथेच थांबते, कारण पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात आणि नेमकी हीच जोडी घातक ठरते. पुनर्वापरासाठी पेट वितळवायला सुमारे २६० अंश सेल्सिअस तापमान लागते. तितक्या उष्णतेत पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो पेटच्या साखळ्याच तोडतो. थोड्याशा पीव्हीसीने पेटचा अख्खा घाणा नासतो, तो असा.

वस्तूच्या बुडाशी असलेल्या त्रिकोणातील १ ते ७ हे आकडे १९८८ साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाने सुरू केले. ते केवळ जात सांगतात (१ म्हणजे पेट, ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन). वस्तूचा पुनर्वापर होईलच असा त्यांचा अर्थ नाही. हा गैरसमज सुशिक्षित घरांतही आढळतो, याचे मला वाईट वाटते. आपल्या शहरातील कचरावेचक भगिनी या जाती रोज हाताने वेगळ्या करतात. ते काम आपण घरातच अर्धे करून देऊ शकतो. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा न करता नुसती चीर दिली, तरी तो इवलासा तुकडा कचऱ्यात हरवत नाही.

महापालिकेने डब्यांवरील पाट्यांवर या आकड्यांसह वस्तूंची चित्रे छापावीत, अशी माझी विनंती आहे. तोवर आपल्या अंकात असा अर्ध्या पानाचा तक्ता आला, तर तो कापून मी उद्याच आमच्या डब्यावर चिकटवीन.

कळावे,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
कोथरूड, पुणे