कामावरची जखम 'घरी पडला' म्हणून नोंदवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कामगाराचे बोट किंवा हात गेल्याची बातमी छापून येते, तिच्या शेवटी बहुतेक वेळा 'उपचाराचा खर्च व्यवस्थापनाने केला' असे वाक्य असते. वाचणाऱ्याला वाटते, देणे फिटले. पण उपचाराचा खर्च म्हणजे भरपाई नव्हे. भरपाई कायद्यातल्या 2009 च्या दुरुस्तीनंतर तो मालकाने भरपाईव्यतिरिक्त, वेगळा द्यायचा आहे.

भरपाईची रक्कम मालकाच्या मनावर सोडलेली नाही. 1923 च्या भरपाई कायद्यात तिचे सूत्र होते आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तसेच उतरले आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचे 50 टक्के, कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के, आणि त्याला वयानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणायचे. हिशोबासाठी वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरतात. ही मर्यादा जानेवारी 2020 पासूनची. समजा, 30 वर्षांच्या प्रेस ऑपरेटरचा अंगठा गेला आणि पगार 18,000 आहे. 15,000 चे 60 टक्के म्हणजे 9,000. या वयाचा गुणांक 207.98, गुणाकार 18,71,820. पूर्ण अंगठ्यासाठी परिशिष्टात कमाईच्या क्षमतेतील घट 30 टक्के दिली आहे, म्हणजे 5,61,546 रुपये. निम्मा पगार रोखीने देऊन कागदावर 9,000 दाखवले असतील, तर हाच आकडा सुमारे 3,37,000 वर येतो. रोख पगाराची खरी किंमत त्या दिवशी कळते.

तरीही दावे सूत्रावर हरत नाहीत. ते हरतात, अपघात कामावरच झाला हे सिद्ध न झाल्यामुळे. जखमीला दवाखान्यात नेताना वाटेतच सुपरवायझर सांगतो, 'घरी पडलो म्हण, नाहीतर पोलीस केस होईल.' डॉक्टर तेच लिहितात. पुढे सुनावणीत मालकाचा वकील सर्वात आधी तोच केसपेपर काढतो, आणि नंतर कितीही साक्षीदार उभे केले तरी ती ओळ पुसली जात नाही. म्हणून दाखल करतानाच कारखान्याचे नाव, यंत्र, काम आणि वेळ केसपेपरवर लिहून घ्यावी. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांगावी. एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या मूळ प्रती मालकाकडे देऊ नयेत. त्याच दिवशी सुपरवायझरला मोबाइलवर अपघाताचा मेसेज गेला, की वेळेचा पुरावा आपोआप तयार होतो. लेखी नोटीस मात्र स्पीड पोस्टानेच पाठवावी आणि पावती जपावी. त्या पाळीतल्या दोघा-तिघांची नावे लगेच टिपून ठेवावीत, कारण ठेक्यावरची माणसे महिन्या-दोन महिन्यांत दुसरीकडे जातात.

'चूक कामगाराचीच होती' हा बचाव फारसा टिकत नाही, याची कल्पना कामगारांना तर नसतेच, अनेक मालकांनाही नसते. साधा निष्काळजीपणा भरपाई अडवत नाही. नशा, सुरक्षेच्या नियमाची जाणूनबुजून केलेली अवज्ञा आणि गार्ड (यंत्रावरचे संरक्षक आवरण) मुद्दाम काढून टाकणे, एवढेच अपवाद. आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तेही लागू होत नाहीत. उत्पादन वाढावे म्हणून वरूनच गार्ड काढायला सांगितले असेल, तर दोष कामगाराच्या माथी मारता येत नाही. 'हातमोजे घातले नव्हते' हा मुद्दा तर मालकाकडून हटकून येतो. फिरत्या ड्रिलवर हातमोजा घालणेच धोक्याचे असते, हे यंत्रावर काम केलेला कोणीही सांगेल.

स्टॅम्प पेपरवर 'यापुढे माझी काही मागणी नाही' असे लिहून घेतलेले असले, तरी हक्क सोडण्याचा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम भरपाईचे दावे चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर कुटुंबाच्या हाती दिलेला पैसा, काही आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाईत धरला जात नाही. कामगार ठेकेदाराचा असला तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही.

टक्केवारीवरून मात्र खरी लढाई होते. परिशिष्टात नसलेल्या जखमेत डॉक्टरांनी शरीराचे अपंगत्व किती, एवढेच लिहून भागत नाही. कमाईची क्षमता किती घटली, हे दाखल्यात हवे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान 100 टक्के धरणे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये योग्य ठरवले. दाखला घेताना आपण नेमके कोणते काम करतो, हे डॉक्टरांना सांगणे म्हणूनच गरजेचे.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू असेल तर वाट वेगळी. पगार 21,000 पर्यंत असेल तर लाभ महामंडळाकडून मिळतो, वर मालकाकडून भरपाई मागता येत नाही. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या 90 टक्के दराने पैसे मिळतात आणि कामावरच्या अपघातासाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. मालकाने नोंदणीच केली नव्हती, म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकते.

दावा अपघातापासून 2 वर्षांत करायचा. 1923 च्या कायद्यानुसार मालकाने महिनाभरात रक्कम दिली नाही, तर 12 टक्के सरळव्याज लागत असे आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही. मालकाने विमा काढला असेल, तर मूळ रक्कम विमा कंपनी भरते, आणि पॉलिसीत वगळलेले नसेल तर व्याजही. दंड मात्र मालकाला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, त्यामुळे अर्जात दंडाची मागणी वेगळी आणि स्पष्ट लिहावी.

आपला नम्र,
कामगार कायद्याच्या क्षेत्रातील एक वाचक