मिस्त्रीकाका, तुम्ही अण्णांना विचारलंत

मिस्त्रीकाका, साष्टांग नमस्कार.

आमच्या अंगणाचं काम संपलं त्या संध्याकाळी तुम्ही हजेरीचे पैसे मोजून घेतलेत, फावडं खांद्यावर टाकलंत आणि निघालात. मला खूप काही बोलायचं होतं, पण गळा दाटून आला आणि मी नुसतीच फाटकाशी उभी राहिले. यंदाचा आषाढ गेला, श्रावण अर्धा सरला, अंगण टिकलं. म्हणून आता लिहितेय. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय. तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल.

अण्णांना, माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांचा उजवा पाय आणि वाचा दोन्ही गेलं. पाय हळूहळू परत आला, वाचा थोडीशीच. रोज मऊ आणि सारख्या जागेवर चालवा, असं सांगितलं होतं. इगतपुरीत अशी जागा आणायची कुठून? आमचं परसदार डोंगराच्या उतारावर, माती तांबूस, चिकण. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा आणि पावसात नुसतं लोणी. म्हणून कर्ज काढून टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, घातलं. उतार तासून घेतला, कडेला कठडा लावला. दहा वर्षांची गॅरंटी मिळाली, कागदावर शिक्कासुद्धा होता.

पहिल्याच जुलैत टर्फ फुगलं. पाय ठेवला की खालून पाणी डचमळायचं आणि शिवणीतून चिखल वर यायचा. गवताच्या पात्यांत भरलेली सिलिका वाळू वाहून खालच्या भिंतीशी साचली. कुबट वास घरात येऊ लागला. एका सकाळी अण्णा तिथंच घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण मन मोडलं. पुढचे पाच महिने ते उंबऱ्याबाहेर पडले नाहीत.

ज्यांनी टर्फ घातलं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मॅडम, आमच्या मालाला खाली भोकं असतात, पाणी थांबूच शकत नाही. तुमच्या जमिनीचा प्रॉब्लेम आहे." जमिनीचा होता, हे खरंच. पण जमीन बघणं हे त्यांचंच काम होतं ना? त्यांनी चिकणमातीवर मुरूम आणि कच पसरून रोलर फिरवला होता. त्याची फरशीच झाली. टर्फच्या भोकांतून उतरलेल्या पाण्याला पुढे जायला वाटच नव्हती. नंतर आलेल्या दुसऱ्या माणसाने तापल्या सळईने आणखी भोकं पाडली, वीस गोणी वाळू ओतली आणि पैसे घेऊन गेला. तीही वाळू एका पावसात खाली गेली. दोघांपैकी एकानेही पावसात येऊन अंगण पाहिलं नाही. फोन उचलणं तर पुढचीच गोष्ट.

तुम्ही आलात ते गेल्या श्रावणात, भर पावसात, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन. मी म्हटलं, "काका, उघडल्यावर या." तुम्ही म्हणालात, "उघडल्यावर पाणी कुठं दिसणार, ताई?" मग टर्फचा कोपरा उचलून चिमूटभर माती घेतलीत आणि तळहातावर वळू लागलात. ती शेवयांसारखी लांब होत गेली, तुटेना. ती मला दाखवलीत आणि एवढंच म्हणालात, "ही पाणी पिणार नाही."

आणि मग ते झालं, ज्यासाठी हे पत्र आहे.

अण्णा दारात खुर्चीवर बसले होते. तोवर जो आला तो त्यांच्या डोक्यावरून माझ्याशीच बोलला होता. तुम्ही चपला काढल्यात, त्यांच्यासमोर उकिडवे बसलात आणि विचारलंत, "अण्णा, तुम्ही रोज अनवाणी चालत होता. पायाला सगळ्यात गार कुठं लागायचं?"

अण्णांना शब्द जुळवायला वेळ लागतो. मी सवयीने त्यांच्या वतीने बोलायला तोंड उघडलं, तर तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. खोळीवरून पाणी टपटपत होतं आणि तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसून होता. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "जां... भूळ." आणि डावा हात जांभळाच्या दिशेने केला.

तुम्ही तिथं पहार घातलीत आणि पाणी वर उसळलं. आम्ही दोन वर्षं आभाळाला दोष देत होतो. पाणी डोंगरातून येत होतं. मांजऱ्या खडकात, म्हणजे वरच्या मऊ, भोकाभोकांच्या दगडात, मुरलेलं पाणी खालच्या काळ्या पाषाणावर अडतं आणि श्रावणात उतारावर उमाळा फुटतो, हे तुम्ही मला नंतर समजावलंत. इथल्या भातखाचरांत हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या माणसाला त्यात नवल नाही. इथला पाऊस हंगामाला साधारण ३००० मिलिमीटरचा. आमचं अंगण ६०० चौरस फुटांचं, म्हणजे १०० मिलिमीटर पडला की त्याच्यावर साडेपाच हजार लिटर पाणी, आणि डोंगराचं वेगळंच. एवढं सगळं त्या टर्फच्या भोकांवर सोडून दिलं होतं!

दिवाळीनंतर तुम्ही काय केलंत ते सगळं इथे सांगत बसत नाही. अंगणाच्या वरच्या अंगाला आडवा चर, त्यात कापडात गुंडाळलेली धुतलेली खडी आणि भोकांचा पाईप. नळीत पाणी भरून लेव्हल बघत, दहा फुटाला सव्वा इंच ढाळ. टर्फखालचा कच उपसून तिथंही खडी. पण पाईपचं तोंड कुठं सोडायचं, यावरून तुम्ही अर्धा दिवस काम थांबवलंत, ते मात्र सांगायलाच हवं. खालच्या खाचरात सोडलं असतं तर काम सोपं होतं, पैसेही वाचले असते. "त्याचा बांध फुटेल," म्हणालात आणि चाळीस फूट जास्त खणून ते ओहोळाला नेऊन सोडलंत. खाचराच्या मालकाला हे आजही माहीत नसेल. कोणी बघत नसताना दुसऱ्याच्या बांधाची काळजी करणारी माणसं आहेत, म्हणून या डोंगरात आमच्यासारख्यांचा निभाव लागतो, असं मला मनापासून वाटतं.

आणि त्या दिवसापासून मी अण्णांच्या वतीने बोलणं सोडलंय. औषधवाला असो की पोस्टमन, मी थांबते. ते बोलतात, काका. वेळ लागतो, पण बोलतात.

या आषाढात तीन दिवस झड लागली होती. चौथ्या सकाळी अण्णा स्वतःहून बाहेर पडले, कठडा धरून जांभळापर्यंत गेले आणि तिथं उजवं पाऊल दोनदा दाबून पाहिलं. मी खिडकीतून बघत होते. बाहेर गेले नाही.

तुमची लेव्हलची नळी इथंच राहिली आहे. अण्णांनी ती पडवीत खुंटीला टांगून ठेवलीय, कोणाला हात लावू देत नाहीत. न्यायला याल तेव्हा घाईत येऊ नका. चहा घ्यायचा आहे, आणि अण्णांना तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे. काय ते मलाही सांगितलेलं नाही.

तुमची,
अण्णांची मुलगी